बारा रविवार

आजी रजेला रजा म्हणत नसे. तिच्या तोंडी दोनच शब्द होते, हजेरी आणि खाडा. गिरणीत गेली तर हजेरी, नाही गेली तर खाडा. गावी जत्रेला गेली तरी खाडा, ताप भरला तरी खाडा, घरात मयत झालं तरी खाडाच. एका गैरहजेरीला मात्र तिने हा शब्द कधी लावला नाही. "तुझ्या बापाच्या वेळंला मी घरी बसून गिरणीचा पैका घेतला," असं ती सांगायची, आणि सांगताना पदर सारखा करून जरा ताठ बसायची.

ती लोअर परळच्या एका गिरणीत रीळ खात्यात होती. दिवसभर उभं राहून सुताची रिळं भरायची. बाबांचा जन्म १९५२ चा, परळच्या वाडिया प्रसूतिगृहातला. ते रुग्णालय १९२६ साली मुळात गिरणगावातल्या बायकांसाठीच उभं राहिलं. बाळंतपणाचे जे पैसे हातात आले त्यातून आजीने एक पितळी पातेलं घेतलं. ते आज माझ्या स्वयंपाकघरात आहे. बुडाला पोचे पडलेत, काठावर आजोबांचं नाव कोरलंय. पैसे आजीचे आणि नाव आजोबांचं, तेव्हा तशीच रीत होती. कल्हईवाला आता आमच्या भागात फिरकत नाही, म्हणून त्यात काही शिजवता येत नाही. पण दर दिवाळीला मी ते चिंचेने घासते.

आजीला कायद्याचं नाव माहीत नव्हतं. ती राहायची तो डिलाइल रोड. आता त्याला ना. म. जोशी मार्ग म्हणतात. याच नारायण मल्हार जोशींनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आणलं होतं, ते नामंजूर झालं. पुढे तसंच विधेयक मुंबई प्रांताच्या कौन्सिलात आलं आणि २८ जुलै १९२८ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. त्यांचं म्हणणं असं होतं, की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं यात राष्ट्राचं हित आहे. त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा हे त्यांनी मान्य केलं. पण बायकांना कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा आहे म्हणूनच तो त्यांना ठेवतो, तेव्हा निदान काही अंशी त्याच्यावरही ही जबाबदारी येते, असं त्यांनी सांगितलं. १९२९ साली मुंबईचा कायदा झाला, देशातला पहिला. तेवीस वर्षांनी माझ्या आजीला मिळालेला पैका तिथून आला होता.

तिच्या सासूला असं काही मिळालं नव्हतं. सासूही गिरणीतच होती. कळा यायला लागेपर्यंत खात्यात उभी राहायची, आणि मूल अंगावरचं असतानाच पुन्हा पाळीवर जायची. मूल दिवसभर झोपून राहावं म्हणून अफूची बाळागोळी चाटवायची. घरात कुणी लहान मूल जास्तच वेळ झोपलं की आजी हटकून त्याला हलवून बघायची. का, ते मला खूप उशिरा कळलं.

मी स्वतः भोसरीच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या हिशेब खात्यात नोकरी करते. पगारपत्रकं, पीएफ, ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा), रजेचा हिशेब, हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. इतरांच्या रजा मी वर्षानुवर्षं मांडत आले. स्वतःच्या रजेची वेळ आली ती २०१८ साली.

जुलैत मी कागद घेऊन बसले आणि हात आपोआप चालू लागला. महोदय. विषय, बाळंतपणाच्या रजेबाबत. वरील विषयास अनुसरून. आणि शेवटी, तरी कृपया माझी रजा मंजूर करावी ही नम्र विनंती. शाळेत पाचवीपासून घोटलेला तो नमुना. कागद साहेबांकडे गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. वर पेन्सिलीने लिहिलं होतं, "तीन महिने पगारी. पुढचे बिनपगारी. चर्चा करावी." चर्चेत साहेब अगदी सौम्यपणे बोलले. "आपली कंपनी काही फार मोठी नाही, तुम्ही घरच्यासारख्या आहात, समजून घ्या." घरच्यासारख्या म्हटलं की पुढे काही बोलताच येत नाही. मी समजून घेऊन बाहेर आले.

आमच्या टाइम ऑफिसमध्ये तेव्हा एक काका होते. निवृत्तीला वर्षभर राहिलेलं. तरुणपणी एका मोठ्या कारखान्याच्या युनियनमध्ये वावरलेले, पण आमच्याकडे कुणाच्या अध्यातमध्यात नसत. मी मस्टर (हजेरीपट) द्यायला गेले तेव्हा त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ड्रॉवरमधून एक पिवळं पडलेलं, पाठकोऱ्या कागदाचं कव्हर घातलेलं पुस्तक काढलं. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा. आत १२ आठवडे छापलेलं, त्यावर काट मारून शाईने २६ केलेलं, बाजूला तारीख, १ एप्रिल २०१७.

"ताई, तुम्ही अर्ज केलात ना? तिथंच चुकलं," ते म्हणाले. "सहावं कलम वाचा. त्यात बाईनं अर्ज करायचा म्हटलेलं नाही. नोटीस द्यायची म्हटलंय."

मी तीनदा वाचलं. खरंच तसं होतं. बाईने मालकाला लेखी कळवायचं, की अमुक तारखेपासून मी कामावर येणार नाही, या काळात दुसरीकडेही काम करणार नाही, आणि माझा लाभ मला किंवा मी सांगेन त्याला द्यावा. नोटीस मिळाली की मालकाने तिला रजेवर जाऊ द्यायचं. तिथे 'मंजूर' हा शब्दच नाही. बाळंतपणाआधीच्या दिवसांचे पैसे आगाऊ द्यायचे आणि नंतरचे, मूल झाल्याचा दाखला दिल्यापासून ४८ तासांच्या आत. एखादीने नोटीस दिली नाही तरी तेवढ्यावरून तिचा हक्क जात नाही. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम भरलेलं असलं की झालं. या रजेच्या काळात तिला कामावरून काढणं बेकायदा. आणि हे सगळं नेमणुकीच्या वेळीच तिला लेखी सांगायचं, हे २०१७ च्या दुरुस्तीने मालकावर बंधनकारक केलं. मी आमच्याकडची किती नेमणूकपत्रं टाइप केली असतील! एकातही ते वाक्य नव्हतं.

दुसरा कागद लिहायला मला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला. 'विनंती' हा शब्द बोटातून जाईना. शेवटी लिहिलं, "आपणांस याद्वारे कळवीत आहे." साहेबांचा चेहरा उतरला. दोन-तीन दिवस ते माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले, आणि मला अपराध केल्यासारखं वाटत राहिलं. हे मुद्दाम सांगते आहे, कारण कायदा बाजूने असूनही पोटात गोळा येतोच, आणि तो आला म्हणून आपलं काही चुकलंय असं समजायचं कारण नाही. पैसे मिळाले. ४८ तासांत नाही, तीन आठवड्यांनी, पण पूर्ण मिळाले.

पूर्ण मिळाले ते मात्र काकांमुळेच. माझ्या रजेचा तक्ता मीच केला होता. २६ आठवडे, आठवड्याचे कामाचे सहा दिवस, एकूण १५६. काकांनी आकड्यावर बोट ठेवलं. "हे कुठून आणलंत? १८२ हवेत."

"काका, रविवार सुट्टीचा. त्याचा पगार कसा धरणार?"

"आठवडा म्हणजे किती दिवस?"

मग त्यांनी सांगितलं. तमिळनाडूतल्या एका मळ्यातल्या कामगार बाईला १९६७ साली बारा आठवड्यांचे म्हणून ७२ दिवसांचे पैसे दिले होते, रविवार वगळून. तिचं म्हणणं, ८४ दिवसांचे हवेत. बारा दिवसांच्या मजुरीचा हा वाद कोइंबतूरच्या कामगार न्यायालयातून चढत चढत सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७७ साली निकाल लागला. आठवडा म्हणजे लागोपाठचे सात दिवस, रविवार धरून. रोजचा दर काढायचा तो रजेआधीच्या तीन महिन्यांत काम केलेल्या दिवसांवरून, आणि रजेचे दिवस मोजायचे ते सगळे. दहा वर्षं एक मळेकामगार बाई बारा रविवारांसाठी उभी राहिली. तिच्या बाळाचं वय निकालाच्या वेळी नऊ-दहा वर्षांचं असणार.

काका बोलत होते आणि माझे हात गार पडत चालले होते. ७२ हा आकडा माझ्या ओळखीचा होता. २०१४ साली आमच्याकडे क्वालिटीत इन्स्पेक्शनला असलेली एक बाई बाळंतपणाला गेली होती. तिचा पगार सोळा हजार, म्हणजे तेव्हाच्या १५ हजारांच्या मर्यादेमुळे ईएसआयच्या बाहेर. तिचे पैसे कंपनीने द्यायचे होते आणि हिशेब मी केला होता. १६,००० भागिले महिन्याचे कामाचे २६ दिवस, गुणिले ७२. खाली माझी सही. तिने व्हाउचरवर सही करताना मला विचारलं होतं, "मॅडम, बरोबर आहे ना?" आणि मी म्हटलं होतं, "हो, बघितलंय मी."

याच्यावर पुन्हा येते.

मुलगी सप्टेंबरात झाली. आईने सव्वा महिना मला खोलीबाहेर पडू दिलं नाही. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, ओव्याची धुरी, कानाला रुमाल. पहिल्यांदा मला ते सगळं जाच वाटलं. मग रात्री बाळाला पाजता पाजता तेच पिवळं पुस्तक चाळत होते (काकांनी ते मला दिलं होतं, परत मागितलंच नाही) आणि चौथ्या कलमापाशी थांबले. बाळंतपणानंतर सहा आठवडे कोणत्याही बाईने कामावर येऊ नये आणि मालकानेही तिला जाणूनबुजून कामावर घेऊ नये. ४२ दिवस. म्हणजे आईचा सव्वा महिना, आणि वर थोडे दिवस. कायदा करणारे सगळे पुरुष होते असं आपण धरून चालतो, पण हा आकडा कुठल्या तरी आजीच्या अंगणातून गेला असावा असं मला त्या रात्री वाटून गेलं.

त्याच पानांत आणखी एक कलम आहे आणि ते जवळपास कुणी वापरत नाही. गर्भपात झाला तर त्या दिवसापासून सहा आठवडे पगारी रजा. आमच्याच ऑफिसातली एक मुलगी तिसऱ्या महिन्यात बाळ गेलं तेव्हा चौथ्या दिवशी कामावर हजर झाली. मला तिने 'व्हायरल' असं सांगितलं. मी मस्टरवर आजारपण लिहिलं. वर्षभराने कँटीनमध्ये डबा खाताना तिने खरं सांगितलं. म्हणाली, "कळलं असतं तर सगळ्यांनी विचारलं असतं." सहा आठवडे तिचे होते. पण ते मागायला जे सांगावं लागतं तेच सांगायची आपल्याकडे सोय नाही.

सहा महिन्यांनी मी परत गेले. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसात दोन जादा सुट्ट्या कायद्याने आहेत. पण बाळ मोशीला आणि मी भोसरीला, तर पाजणार कुणाला? पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे, हेही २०१७ च्या दुरुस्तीत आहे. आमच्याकडे पाळणाघराची खोली आहे. तपासणी असते त्या दिवशी तिथे एक पाळणा आणि दोन खेळणी दिसतात. एरवी स्टेशनरीचे खोके. मी सुती रुमालाच्या घड्या आत ठेवून काम करायचे आणि साडेअकराच्या सुमाराला बाथरूममध्ये जाऊन दूध पिळून टाकायचे. टाकायचे. अजून ते आठवलं की जीव कळवळतो.

आता त्या साहेबांबद्दल. ते वाईट माणूस नव्हते. त्यांचं गणित साधं होतं. सव्वीस आठवड्यांचा पगार कंपनीने द्यायचा, शिवाय त्या जागी दुसरा माणूस ठेवायचा, त्याचाही पगार. मग मुलाखतीला मुलगी आली की बायोडेटातला कामाचा अनुभव राहतो बाजूला आणि विचारलं जातं, "लग्न कधी झालं?" मी त्या टेबलाच्या या बाजूला बसलेली आहे. मुलगी बाहेर गेली की "पुढच्या वर्षी ही रजेवर" हे वाक्य मी कानांनी ऐकलंय. गिरण्यांतही हेच झालं. पुढच्या काही दशकांत खात्यांतल्या बायका कमी कमी होत गेल्या. बायकांना रात्रपाळीला बंदी होती, नवी यंत्रं आली, ही कारणं होतीच, पण बाळंतपणाचा खर्च हेही एक होतं. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २००० साली करार केला, त्यात म्हटलंय की हा खर्च सामाजिक विम्यातून किंवा सरकारी निधीतून यावा, एकट्या मालकाच्या डोक्यावर नको. भारताने तो करार स्वीकारलेला नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात, माझी मुलगी दोन महिन्यांची असताना, केंद्राने मालकांना सात आठवड्यांच्या पगाराची भरपाई देण्याची योजना सांगितली. पेपरात वाचून मला आनंद झाला होता. आमच्या खात्यात तिचा एक रुपयाही कधी आला नाही. १९२८ साली कौन्सिलात जो प्रश्न मांडला गेला, की भार कुणाचा, तो अजून तसाच पडून आहे. आणि तो सुटत नाही तोवर त्याची किंमत मुलाखतीच्या खोलीबाहेर बसलेली मुलगी देते.

आणि ज्यांना मुलाखतही नसते त्यांचं काय? आमच्या लाइनवर ठेकेदाराच्या बायका आहेत. त्यांचा शब्द आहे 'ब्रेक'. "पोट दिसायला लागलं की ब्रेक देतात, मॅडम." म्हणजे नाव काढायचं, आणि सहा-आठ महिन्यांनी आली तर नवीन म्हणून घ्यायचं. ईएसआय असेल तर २१ हजारांपर्यंतच्या पगाराला सव्वीस आठवडे पूर्ण मजुरी मिळते, पण वर्गणी ७० दिवसांची भरलेली हवी, आणि ब्रेक असा हिशेबाने दिला जातो की दिवस तुटतात. दिल्ली महापालिकेच्या रस्त्यांवर रोजंदारीने राबणाऱ्या बायकांना कायम नोकरीतल्या बायकांसारखाच हा लाभ आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ८ मार्च २००० ला सांगितलं. २०२३ साली असंही सांगितलं की कराराची मुदत मध्येच संपली म्हणून मातृत्वाचा लाभ तुटत नाही. मी हे आमच्या लाइनवरच्या एकीला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "कोर्टात जाईन त्या दिवसाची हजेरी कोण लावणार?"

बीड, धाराशिवकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची तर मस्टरवर वेगळी ओळही नसते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. एक दिवस चुकला की खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीत धरायचा. आजीचाच शब्द, पण तिच्याकडे तो नुसता गैरहजेरीचा होता, इथे तो दंडाचा झालाय. पाळी आली, अंगावरून जास्त गेलं, दिवस भरले, सगळ्याला खाडाच. बीडमधल्या कितीतरी बायकांनी तरुण वयात गर्भपिशवी काढून टाकल्याचं २०१९ मध्ये गाजलं, सरकारने समिती नेमली. पिशवीच नसली तर खाडा पडायचा नाही, इतकं साधं आणि इतकं भयंकर गणित त्यामागे होतं.

माझ्या स्वतःच्या घरातही बघितलं पाहिजे. आमच्याकडे पोळ्या करायला येणारी ताई २०२० च्या सुरुवातीला बाळंत झाली. मी तिला दोन महिन्यांचा पगार दिला आणि आपण चांगलं वागलो असं मला वाटलं. मला सव्वीस आठवडे मिळाले होते. तिला माझ्याकडून आठ मिळाले, आणि तेही माझ्या मनात आलं म्हणून. घरकामाला येणाऱ्या बाईसाठी मला भाग पाडणारं एकही कलम नाही. तिने कळवायचं आणि मी ऐकायचं असं काहीच नाही. तिने विनंतीच करायची. ती सव्वा महिन्यात कामावर आली, बाळाला सासूजवळ ठेवून. माझ्या ओट्यापाशी उभी राहून तिने पदराखाली घडी सारखी केली, आणि ती घडी कशाची हे मला बघता क्षणी कळलं.

मार्च २०२२ मध्ये बाबांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. सत्तरी गाठलेली. सकाळी चहाचा कप हातातून सुटला. आई म्हणाली, "आधी मला वाटलं, चिडून टाकला." दहा दिवस रुग्णालय, मग घरी. उठवणं, बसवणं, अंग पुसणं, फिजिओथेरपी, घास भरवणं. आईला एकटीने उचलणं शक्य नव्हतं. मी राहते मोशीला, आई-बाबा चिंचवडला, अंतर जेमतेम नऊ किलोमीटर.

मी पिवळं पुस्तक काढलं नाही, कारण त्यात बाप नाही. तेव्हाच्या कारखाना कायद्यात वर्षाला २४० दिवस भरले की पुढच्या वर्षी वीस दिवसांमागे एक अशी भरपगारी रजा मिळायची. माझी अकरा दिवस शिल्लक होती. ती संपली. आजारपणाची रजा स्वतःच्या आजारपणाची असते. साहेबांनी (आता नवे होते) चार दिवस स्वतःच्या अखत्यारीत दिले, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पुन्हा मी पाचवीतला नमुना लिहिला, तरी कृपया, ही नम्र विनंती. यावेळी तो बरोबरच होता, कारण कळवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. पुढचे अठरा दिवस बिनपगारी. महिनाअखेरीला मस्टर बंद करताना माझ्या नावापुढचे गैरहजेरीचे अठरा 'ए' मीच लिहिले.

धाकटा भाऊ डॅलसला असतो. तो पाच आठवडे येऊन राहिला. त्याने येण्याआधी एक फॉर्म पाठवला, बाबांच्या डॉक्टरांनी भरायचा. रुग्णाला काय झालंय, किती काळ चालेल, सोबत कुणी असण्याची गरज का आहे. डॉक्टरांनी चष्मा वर करून विचारलं, "हे विम्याचं आहे का?" विम्याचं नव्हतं. अमेरिकेत १९९३ चा एक कायदा आहे. पन्नास किंवा जास्त माणसांच्या कंपनीत वर्षभर काम झालं असेल आणि त्या वर्षात १,२५० तास भरले असतील तर आई, वडील, नवरा, बायको, मूल यांच्या गंभीर आजारासाठी वर्षाला बारा आठवडे रजा मिळते आणि नोकरी राखून ठेवली जाते. आईबाप दुसऱ्या देशात असले तर तिथल्या डॉक्टरचं प्रमाणपत्र चालतं. रजा पूर्ण बिनपगारी. सासू-सासरे त्यात बसत नाहीत. आणि हेच बारा आठवडे बाळंतपणालाही वापरायचे, तेही बिनपगारीच. माझ्या भावजयीने मुलाच्या वेळी तेच केलं, आणि पगार नसल्यामुळे दहाव्या आठवड्यातच कामावर गेली. मी तिला माझे सव्वीस आठवडे सांगितले तेव्हा ती फोनवर गप्पच झाली होती.

आणि आता मी गप्प होते. जगाच्या त्या टोकाहून आलेला मुलगा बापाच्या उशाशी निर्धास्त बसला होता, आणि नऊ किलोमीटरवरची मुलगी घड्याळ बघत घास भरवत होती. आमच्याकडे केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बाईला मुलांच्या संगोपनासाठी उभ्या नोकरीत ७३० दिवस मिळतात. आईबापासाठी म्हणून वेगळी रजा तिलाही नाही. खाजगीत तर मूल झालं तरी बापाला कायद्याने एक दिवस नाही. माझ्या नवऱ्याला मुलीच्या वेळी तीन दिवस मिळाले होते, किरकोळ रजेतले. आपल्याकडे आईबापाची सेवा हा धर्म आहे, हे लहानपणापासून ऐकत आलो. धर्म असेल, पण मस्टरवर त्याला रकाना नाही. कुणाला तरी नोकरी सोडावी लागते, आणि ती कोण सोडते हे आपल्या प्रत्येकाच्या नात्यागोत्यात एकेक नाव घेऊन सांगता येईल. ज्या आजीने गिरणीचा पैका घेऊन बाबांना वाढवलं, तिच्या काळात तरी बाळंतिणीसाठी कुणीतरी कौन्सिलात उभं राहिलं होतं. म्हाताऱ्यांसाठी अजून कुणी उभं राहिलेलं नाही. राहायला हवं. हे मी रागाने लिहीत नाही, गरज म्हणून लिहिते आहे. आपल्या घरांत माणसं कमी होत चालली आहेत आणि म्हातारपण लांबत चाललंय.

बाबा आता काठीने चालतात. डावा हात अजून नीट उचलत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ ला नव्या कामगार संहिता लागू झाल्या. १९६१ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. सव्वीस आठवडे तेच, नोटीस तीच, कलमांचे आकडे बदलले. आमचे रजेचे सगळे नमुने नव्याने करायचं काम माझ्याकडे आलं. त्यासाठी जुन्या फायली उपसल्या आणि २०१४ च्या बॉक्स फाइलमध्ये ते व्हाउचर निघालं. ७२ दिवस. माझी सही, तिची सही. तिची मराठीत, पहिल्या अक्षरावरची वेलांटी लांबवलेली.

२०१८ मध्ये मी याबद्दल साहेबांना एकदा बोलले होते. "ती २०१६ लाच सोडून गेली, जुनं कशाला उकरता," असं ते म्हणाले आणि मी उकरलं नाही. सात वर्षं. मळ्यातली ती बाई दहा वर्षं भांडली आणि मला सात वर्षांत एक फोन झाला नाही.

या वेळी मी तिचा नंबर शोधला. तिच्याबरोबर काम करणाऱ्या एकीकडे मिळाला. ती आता तळेगावला असते, घरीच शिवणकाम करते. मी नाव सांगितल्यावर तिला ओळखायला थोडा वेळ लागला. मग मी सगळं सांगितलं. तुझ्या बाळंतपणाचा हिशेब मी केला होता, तो चुकला होता, बारा दिवस कमी धरले होते. ती शांतपणे ऐकत होती. मागे शिलाई मशीन चालू होतं, ते थांबलं.

"किती होतात, मॅडम?"

"सात हजार तीनशे पंच्याऐंशी."

"तेव्हाचे सात हजार," ती म्हणाली. थोडा वेळ काहीच बोलली नाही. "तेव्हा मी पोराच्या दवाखान्यासाठी मंगळसूत्रातल्या वाट्या ठेवल्या होत्या."

मी माफी मागितली. ते पैसे मी स्वतः देईन म्हटलं, कंपनीकडेही लेखी मागणार आहे म्हटलं. तिने त्यावर हो किंवा नाही म्हटलं नाही. म्हणाली, "ते बघू. आधी मला तो कागद पाठवा, कायद्याचा. माझी नणंद चाकणला आहे, तिचा सातवा लागलाय."

मी पिवळ्या पुस्तकातल्या त्या पानाचा आणि नव्या संहितेतल्या पानाचा, असे दोन फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवले. दोन निळ्या खुणा उमटल्या. बराच वेळ काही आलं नाही. पोळ्या झाल्या, मुलीचा अभ्यास झाला. मग साडेनऊच्या सुमाराला तिचा मेसेज आला.

"मॅडम, पूर्ण वाचलं. रविवार कुठे लिहिलाय यात?"

मी ओट्याशी उभी राहून टाइप केलं, "रविवार लिहिलेला नाही. आठवडा लिहिलाय. आठवडा सात दिवसांचा. सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, १९७७ चा. तोही उद्या ऑफिसातून पाठवते. आणि नणंदेला म्हणावं, अर्ज लिहू नको."